अमोरिमला अजून वेळ द्यायचा की नाही?

लालसैतान_९९ | २६ मे २०२५

काल आपल्या मँचेस्टर युनायटेडचा प्रीमियर लीगचा सीझन एकदाचा संपला. शेवटच्या सामन्यात दहाजणांच्या ॲस्टन व्हिलाला २-० हरवलं, पण त्याने काही फरक पडत नाही. पंधरावा नंबर, ४२ गुण. ३८ सामन्यांत १८ हार, ४४ गोल केले आणि ५४ खाल्ले. १९७३-७४ ला युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये गेली, त्यानंतर इतका खालचा नंबर कधीच आला नव्हता. सामना झाल्यावर आपला मॅनेजर अमोरिमने मैदानात उभं राहून माईकवर सगळ्यांची माफी मागितली आणि चांगले दिवस येणार आहेत म्हणाला. ते मी परत लावून पाहिलं. माणूस मनापासून बोलत होता, यात मला शंका नाही. पण मनापासून बोलणं वेगळं आणि टीम उभी करणं वेगळं, म्हणून हा धागा काढतोय.

आधी माझं मत. मला वाटतं त्याला वेळ मिळायला हवा. हा उन्हाळा पूर्ण, आणि पुढच्या सीझनचे निदान सुरुवातीचे महिने.

तो आला ११ नोव्हेंबरला. सीझन संपल्यावर येतो असं त्याचं म्हणणं होतं, पण क्लबने 'आत्ता नाहीतर कधीच नाही' असं सांगितलं, हे त्यानेच नंतर बोलून दाखवलंय. म्हणजे प्रीसीझन नाही, स्वतःचा एक खेळाडू नाही, आणि हातात आलेली टीम आधीचा मॅनेजर टेन हागच्या ४-२-३-१ साठी, म्हणजे मागे चौघं ठेवून खेळण्यासाठी जमवलेली. अमोरिमची पद्धत ३-४-३, मागे तिघं. विंगर भरपूर, पण पूर्ण बाजू पुढे-मागे सांभाळणारा विंगबॅक एकही नाही. त्यात गुरुवारी युरोपा लीग आणि रविवारी लीग. मधल्या दिवसांत प्रवास आणि पाय मोकळे करणं एवढंच होतं. नवीन पद्धत शिकवायला मैदानावर वेळ लागतो आणि तो वेळ त्याला मिळालाच नाही.

एक साधी गोष्ट सांगतो, जी मला पहिल्या सामन्यापासून, म्हणजे इप्सविचच्या १-१ पासून दिसत होती. डाव्या विंगबॅकला दालो खेळत होता. दालो उजव्या पायाचा. बॉल डावीकडे पोचतो, समोर मोकळी जागा असते, डाव्या पायाचा माणूस असता तर पहिल्याच टचमध्ये पुढे घेऊन क्रॉस मारला असता. दालो बॉल थांबवतो, आत वळतो, उजव्या पायावर घेतो. सेकंद-दीड सेकंद जातो. तेवढ्यात समोरचा राइट बॅक परत जागेवर, त्यांचा मिडफिल्डर मदतीला हजर, आणि दालोकडे एकच पास उरतो: मागे. हे प्रत्येक सामन्यात कितीतरी वेळा व्हायचं. फेब्रुवारीत लेचेहून दोर्गू आला तेव्हा कुठे त्या जागी डाव्या पायाचा विंगबॅक मिळाला, आणि तो पोरगा वीस वर्षांचा. जी पद्धत सगळी विंगबॅकवर उभी आहे ती विंगबॅकशिवाय तीन महिने चालवली, आणि आपण म्हणतो पद्धत चुकीची आहे!

हे झालं त्याच्या बाजूने. आता जे मला झोपू देत नाही ते.

अमोरिमचे लीगमधले सामने २७. जिंकले ७, बरोबरी ६, हरलो १४. त्या सातपैकी तीन विजय साउदम्प्टन, इप्सविच आणि लेस्टरवर, जे तिघेही रेलिगेट झाले, म्हणजे खालच्या डिव्हिजनमध्ये गेले. त्यातही साउदम्प्टनविरुद्ध ८२व्या मिनिटापर्यंत आपण ०-१ मागे होतो, अमादने हॅटट्रिक केली म्हणून वाचलो. लीगमध्ये सलग दोन सामने एकदाही जिंकता आले नाहीत. आणि बिल्बाओतली युरोपा लीगची फायनल. समोर लीगमध्ये सतराव्या नंबरची स्पर्स, म्हणजे टॉटनहॅम. ४२व्या मिनिटाला जॉन्सनचा तो अडखळत गेलेला गोल, आणि मग पूर्ण सेकंड हाफ ते मागे बसले आणि आपण क्रॉस मारत राहिलो. होयलुंडचा हेडर व्हॅन डे व्हेनने गोललाइनवरून उडवला, ती एक संधी आठवते. बाकी मला टीमच्या डोक्यात काय चाललंय तेच कळत नव्हतं. त्याच स्पर्धेत आधी ल्याँविरुद्ध ४-२ मागे असताना डिफेंडर मॅग्वायरला स्ट्रायकर करून आपण ५-४ जिंकलो, त्या रात्री मी वेड्यासारखा ओरडलो होतो, आणि ती रात्र मी कधी विसरणार नाही. पण फायनलमध्येही शेवटी मॅग्वायरलाच पुढे पाठवावं लागलं, तेव्हा पोटात गोळा आला.

फायनलनंतर तो म्हणाला की बोर्डाला आणि लोकांना मी नको असेन तर नुकसानभरपाईची चर्चा न करता उद्या जातो. असा माणूस मला घालवायचा नाहीये. पण टीम हरतेय.

तर विचारायचं हे आहे की वेळ द्यायचा तर कशाच्या भरवशावर? कोणत्या खुणा बघायच्या? आणि 'जुना मॅनेजर फर्ग्युसन, म्हणजे फर्गीलाही वेळ दिला होता' हे उत्तर नको. ते मीच लोकांना दहा वर्षं देत आलोय, मोयेस मॅनेजर होता तेव्हापासून.

तोफखाना | २६ मे २०२५

आर्सेनलवाला बोलतोय, चालेल ना? कारण यातून आम्ही गेलोय.

२०२० च्या ख्रिसमसला १४ सामन्यांनंतर आम्ही पंधरावे होतो. अगदी तुमचाच नंबर. आमचा मॅनेजर आर्टेटाला येऊन वर्ष झालं होतं, एफए कप जिंकून काही महिने झाले होते, आणि अर्धे लोक त्याला काढा म्हणून ओरडत होते. मी त्या अर्ध्यांत नव्हतो, आणि त्याचं कारण सांगतो. गोल होत नव्हते हे खरं, पण आम्ही गोल खातही नव्हतो. तो सीझन संपला तेव्हा आम्ही आठवे, आणि खाल्लेले गोल ३९. लीगमध्ये फक्त सिटी आणि चेल्सीने आमच्यापेक्षा कमी खाल्ले होते. म्हणजे घराचा पाया भरून झाला होता, वरचं बांधकाम राहिलं होतं. तुमचे ५४ आहेत. मी तुमच्या जागी असतो तर सगळ्यात आधी त्या आकड्याकडे बघितलं असतं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची वाटते मला. आर्टेटाने तो वेळ बदलायला वापरला. तोही तेव्हा मागे तिघं ठेवून खेळवत होता, एफए कप त्यावरच जिंकला होता. बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, चेल्सीविरुद्ध त्याने मागे चौघं केले, स्मिथ रोला मध्ये दहा नंबरला, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे टाकलं, साका आणि मार्टिनेली बाजूला. ३-१ जिंकलो. ज्या पद्धतीने कप मिळवून दिला ती त्याने सोडली, कारण त्याच्याकडे जी पोरं होती ती दुसऱ्या पद्धतीत चांगली दिसत होती.

त्यानंतरही सरळ रस्ता नव्हता. २०२१-२२ चे पहिले तीन सामने हरलो, ब्रेंटफर्डकडून सुद्धा, सिटीने पाच मारले, आम्ही टेबलच्या तळाला. तेव्हाही क्लबने त्याला हात लावला नाही. पुढची तीन वर्षं सलग दुसरे आलो. लीग मिळाली नाही याचं दुःख आहे, पण त्या ख्रिसमसला कोणी मला सलग तीन वेळा दुसरा नंबर देऊ केला असता तर मी रडलो असतो.

अमोरिम बदलेल का? तो स्वतः म्हणतो बदलणार नाही. तिथे मी अडतो.

डावा_बॅक | २७ मे २०२५

लालसैतान, तुमची दालोची गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे. मी कॉलेजपासून त्याच बाजूला खेळलोय, उलट्या पायाने ती बाजू सांभाळणं काय असतं ते माहीत आहे. पण तुम्ही बाजू पाहिलीत, मधला भाग पाहा. माझ्या मते आजार तिथे आहे.

३-४-३ मध्ये मध्ये दोघंच. बहुतेक वेळा कासेमिरो किंवा उगार्ते, आणि सोबत ब्रुनो. समोरची टीम मध्ये तिघं ठेवते. तिघांविरुद्ध दोघं, तर एक जण कायम मोकळा. त्याला पकडायचं तर मागच्या तिघांपैकी एकाने पुढे यायचं किंवा पुढच्या दोन 'दहा नंबर'पैकी एकाने खाली उतरायचं. अमोरिमच्या आधीच्या क्लबमध्ये, पोर्तुगालच्या स्पोर्टिंगमध्ये ते व्हायचं, कारण तिथे पळणारी तरुण टीम होती आणि त्यांनी त्या पद्धतीत वर्षं काढली होती. युनायटेडमध्ये ब्रुनो बॉलमागे पुढे जातो, कासेमिरोचं वय ३३, आणि दोघांच्यामध्ये जी जागा पडते त्यात समोरचा आरामात बॉल घेऊन वळतो. ब्राइटनचा जानेवारीतला सामना परत बघा, ३-१ हरलात तो. पाचव्या मिनिटाला मितोमा तुमच्या उजव्या बाजूच्या मागे मोकळा निघाला आणि मिंतेने गोल टाकला. सगळे मितोमाला कोणी सोडलं यावर बोलले. मला विचाराल तर मितोमाला तसा पास देणाऱ्याच्या अंगावर कोणी का नव्हतं, हा प्रश्न आहे. त्या दिवशी अमोरिमच म्हणाला की क्लबच्या इतिहासातली कदाचित ही सगळ्यात वाईट टीम असेल. खेळाडूंना तसं सांगून काय साधतं ते मला कळलेलं नाही, पण तो वेगळा विषय.

आता 'प्रीसीझन मिळाला नाही' या मुद्द्याकडे. याच सीझनमधलं उदाहरण आहे आणि ते कोणी काढत नाही. वुल्व्ह्ज. १६ सामन्यांत ९ गुण, एकोणिसावा नंबर. डिसेंबरच्या मध्यात मॅनेजर गॅरी ओनीलला काढलं आणि व्हितोर परेरा आला. तोही पोर्तुगीज, त्यालाही प्रीसीझन नाही, आणि तोही ३-४-३ खेळवतो. उरलेल्या २२ सामन्यांत ३३ गुण. मधे सलग सहा सामने जिंकले, त्यातला एक तुमच्याच मैदानावर. शेवटी वुल्व्ह्जचेही ४२ गुण झाले, फक्त गोलफरकामुळे ते तुमच्या खाली आहेत. अमोरिमचे २७ सामन्यांत २७. तीच पद्धत, तोच सीझन, अमोरिमच्याही नंतर आलेला माणूस.

मागे जायचं तर व्हिलाचा मॅनेजर एमरी घ्या. तोही नोव्हेंबरमध्येच आला, २०२२ ला, व्हिला तेव्हा तळाशी घुटमळत होती. पहिलाच सामना युनायटेडविरुद्ध, ३-१ जिंकला. सीझनअखेर सातवे. त्याने येऊन आधी बघितलं की माझ्याकडे कोण आहे, आणि त्यांना झेपेल तेवढंच दिलं. झाबी अलोन्सो जर्मनीतल्या लेव्हरकुसेनला मॅनेजर म्हणून ऑक्टोबरमध्ये आला तेव्हा ते सतरावे होते. त्या सीझनला सहावे, पुढच्या सीझनला एकही लीग सामना न हरता चॅम्पियन. मागे तिघं ठेवूनच.

म्हणून मी म्हणतो, चांगला मॅनेजर अर्धवट सीझनमध्ये आला तरी काहीतरी सुधारतं. सगळं नाही, काहीतरी. गोल कमी खाणं, कॉर्नरवर मार्किंग, एखादा खेळाडू अचानक फुलणं. अमोरिमच्या सात महिन्यांत अमाद सोडला तर कोण सुधारला? होयलुंडचे लीगमध्ये ४ गोल, झिर्कझीचे ३. गार्नाचो होता त्याहून मागे गेला. तुमच्याकडचे रॅशफर्ड व्हिलात आणि अँटनी बेटिसमध्ये जाऊन बरे खेळले.

माझं उत्तर: वेळ नको. आत्ताच काढा, जूनच्या आधी. त्याच्याबद्दल राग नाही, पोर्तुगालमध्ये त्याने जे केलं ते खोटं नाही.

कोपवाला | २७ मे २०२५

लिव्हरपूलचा असून लिहितोय, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण मॅनेजरला वेळ देण्याबद्दल मला खरंच कळकळ आहे.

आमचा मॅनेजर क्लॉप ऑक्टोबर २०१५ ला आला. पहिला सीझन आठवा नंबर, आणि दोन फायनल हरलो, लीग कप आणि युरोपा. पहिली ट्रॉफी २०१९ ला. कागदावर बघितलं तर अमोरिमसारखंच दिसतं. पण स्पर्सविरुद्धचा त्याचा पहिला सामना, ०-०, मी पाहिला होता. बॉल गेला की तिघं-चौघं एकदम अंगावर जायचे. दमून पाय ओढत होते शेवटी, पण काय करायचंय ते प्रत्येकाला कळलं होतं. महिनाभरात सिटीच्या घरी जाऊन ४-१ जिंकलो. हार व्हायची, विचित्र हार व्हायची, पण टीम कोणाची आहे ते डोळे मिटून सांगता यायचं. मी निकाल कधी मोजले नाहीत, हे बघत होतो.

युनायटेडचं मी या वर्षी बऱ्यापैकी बघितलंय. आमच्या मैदानावर, ॲनफिल्डला, २-२ केलंत त्या दिवशी मला ती गोष्ट दिसली, अगदी स्पष्ट. मागचे तिघं ठाम, दोन्ही विंगबॅक वेळेवर खाली, बॉल मिळाला की तीन पासमध्ये पुढे. आर्सेनलला एफए कपमध्ये दहाजणांनी थोपवलंत, तेव्हाही. म्हणजे मोठ्या टीमविरुद्ध, जिथे मागे थांबायचं असतं, तिथे शिकवलेलं दिसतं. इप्सविच, वुल्व्ह्ज, पॅलेस यांच्याविरुद्ध बॉल आपल्याकडे असताना काय करायचं ते दिसत नाही. अर्धं काम झालंय असं मी म्हणेन. अर्धं काम झालेल्या माणसाला काढायचं का?

जुना_ट्रॅफर्ड | २८ मे २०२५

फर्गी नको म्हणालात, पण एकच गोष्ट सांगतो, कारण ती नेहमी अर्धवट सांगितली जाते.

लोक म्हणतात १९८६ ला आला आणि १९९० पर्यंत काही जिंकला नाही, जानेवारी ९० ला फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सचा गोल झाला नसता तर गेला असता. हे सगळं ठीक. पण आला तेव्हा टीम एकविसावी होती, त्या सीझनला अकरावी, आणि पुढच्याच सीझनला, १९८७-८८ ला, दुसरी. म्हणजे बोर्डाने नुसत्या श्रद्धेवर चार वर्षं काढली नाहीत. पोरं शोधण्याचं सगळं काम त्याने पहिल्या दिवसापासून नव्याने लावलं होतं आणि बोर्डाला ते दिसत होतं, स्टँडमधल्या लोकांना दिसत नव्हतं. गिग्ज त्यातूनच आला. आपल्याला बाहेरून दिसत नाही असं बरंच काही असतं, आणि म्हणून हा निर्णय आपल्यापेक्षा बोर्डाची परीक्षा आहे.

त्या परीक्षेत हा क्लब वारंवार नापास झालाय. मॅनेजर सोल्शायर २०२१ ला दुसरा आला, जुलैमध्ये नवा करार, नोव्हेंबरमध्ये वॉटफर्डने चार मारल्यावर हकालपट्टी. टेन हागने २०२४ चा एफए कप जिंकला म्हणून जुलैमध्ये करार वाढवला, त्याच्या पसंतीचे पाच खेळाडू जवळपास २० कोटी पौंडांना घेतले आणि ऑक्टोबरमध्ये ९ सामन्यांनंतर त्याला काढलं. स्पोर्टिंग डायरेक्टर डॅन ॲशवर्थ जुलैत आला, डिसेंबरमध्ये गेला. टेन हाग आणि ॲशवर्थ या दोघांच्या जाण्याचा खर्च क्लबच्याच हिशेबात १ कोटी ४५ लाख पौंड दाखवलाय.

त्यामुळे मला अमोरिम राहतो की जातो यापेक्षा जास्त भीती तिसऱ्याच गोष्टीची वाटते. त्याला उन्हाळाभर ठेवतील, विंगबॅक आणि दहा नंबर घेऊन देतील, आणि ऑक्टोबरमध्ये चार सामने हरला की काढतील. मग पुढचा येईल मागे चौघं ठेवणारा, आणि त्याच्या हातात पुन्हा चुकीची टीम. तुम्ही ज्याबद्दल रडताय ते आणखी एकदा, उलट्या दिशेने.

डावा_बॅकने वुल्व्ह्ज सांगितलं ते बरोबर, पण त्याच टेबलमध्ये खालचे तिघेही बघा. लेस्टरने नोव्हेंबरमध्ये सोळाव्या नंबरवर असताना मॅनेजर कूपरला काढलं, १२ सामन्यांत १० गुण होते. नंतरच्या २६ मध्ये १५ मिळाले आणि खाली गेले. साउदम्प्टनने मार्टिनला डिसेंबरमध्ये काढलं, एकूण १२ गुणांवर संपले. इप्सविचने मॅकेनाला शेवटपर्यंत ठेवलं, तेही गेले. मॅनेजर बदलणं हे औषध कुठे लागू पडतं आणि कुठे नाही, हे टीमच्या दर्जावर ठरतं.

लालसैतान_९९ | २९ मे २०२५

सगळ्यांना उत्तर देतो.

डावा_बॅक, वुल्व्ह्जचा मुद्दा मी दोन दिवस चघळतोय. वजनदार आहे. पण त्यात एक नाव तुम्ही घेतलं नाही: मॅथ्यूस कुन्हा. लीगमध्ये १५ गोल. आपल्याकडे लीगमध्ये सगळ्यात जास्त गोल अमादचे आणि ब्रुनोचे, आठ-आठ. परेराला डिसेंबरमध्ये तयार दहा नंबर मिळाला, जो बॉल घेऊन तिघांना चुकवून स्वतः गोल मारतो. तसा माणूस असेल तर पद्धत अर्धवट शिकलेली असली तरी गुण येतात. आपण मात्र होयलुंडला पाठीमागे डिफेंडर घेऊन लांब बॉल झेलायला लावत राहिलो.

मिडफिल्डबद्दल मात्र मी तुमच्या बाजूला येतो. तुमचं वाचून परवा रात्री वुल्व्ह्जविरुद्धचा घरचा सामना परत लावला, साराबियाच्या फ्रीकिकवर ०-१ हरलो तो. निकाल विसरून फक्त आपल्या दोन मिडफिल्डरकडे बघत बसलो. बॉल पुढे गेला की एक जण पुढे, दुसरा जागेवर, आणि दोघांमध्ये इतकं अंतर की तिथे दुसरी टीम उभी राहील. मागचा सेंटरबॅक पुढे यायला कचरतो, कारण आला तर मागे मैदान मोकळं. त्या कचरण्याचा मला राग आला नाही, वाईट वाटलं. काय करायचं ते त्याला सांगितलेलं असणार, पण अंगात भिनलेलं नाही. हे दाखवून, चालत चालत, परत परत करून घ्यावं लागतं, आणि ते गुरुवार-रविवारच्या रगाड्यात होत नाही, हेच मी म्हणत होतो.

कोपवाला, ॲनफिल्डचं तुम्ही लिहिलंत म्हणून आभार. प्रतिस्पर्ध्याने ते बघितलं याचा मला आनंद झाला.

तोफखाना, ५४ चा आकडा मला टोचला. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण आर्टेटाला पद्धत बदलायला वर्ष मिळालं होतं, एवढंच म्हणतो. अमोरिम 'बदलणार नाही' म्हणतो ते मला हट्टापेक्षा सौद्यासारखं वाटतं. तो बोर्डाला सांगतोय की मला घेतलंत ते यासाठीच घेतलंत ना? २०२० मध्ये स्पोर्टिंगने त्याला असंच घेतलं, लोक नाराज होते, आणि पुढच्याच सीझनला त्यांनी १९ वर्षांनी लीग जिंकली. पुढे २०२२-२३ ला तिथेही चौथा आला. काढला नाही. परत चॅम्पियन झाला.

डावा_बॅक | २९ मे २०२५

कुन्हाचं मान्य. पण मग एक सांगा, कुन्हासारखा माणूस आल्यावरच चालणारी पद्धत असेल तर श्रेय कोणाचं? आणि एक दुरुस्ती तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये. 'शिकवायला वेळ मिळाला नाही' हे फेब्रुवारीपर्यंत पटतं. एप्रिल-मेमध्ये लीगला काही अर्थच उरला नव्हता, तेव्हा लीगचे सामनेच सरावासाठी वापरता आले असते. पोरं खेळवली त्याने, पण मधल्या दोघांची रचना तशीच ठेवली. ब्रुनोला वर ठेवून खाली दोन पळणारे लावून बघायला तेव्हा काय हरकत होती?

लालसैतान_९९ | ७ जून २०२५

धागा वर काढतोय, कारण या आठवड्यात दोन गोष्टी झाल्या.

काल स्पर्सने मॅनेजर पोस्टेकोग्लूला काढलं. ज्याने आपल्याला बिल्बाओत हरवून त्यांना १७ वर्षांनी ट्रॉफी दिली, त्याला अवघ्या सोळा दिवसांत. सतराव्या नंबरसाठी काढलं म्हणा. मला ते कठोर वाटलं, पण एक मान्य करावं लागेल: त्यांनी जूनमध्ये ठरवलं. नव्या माणसाला पूर्ण प्रीसीझन मिळेल. जुना_ट्रॅफर्ड ज्या भीतीबद्दल बोलत होते ती त्यांनी टाळली.

आणि आपण कुन्हाला घेतोय, ६ कोटी २५ लाख पौंड. म्हणजे बोर्डाने उत्तर दिलंय. अमोरिमच्या रचनेतल्या दोन दहा नंबरपैकी एका जागेसाठी एवढे पैसे मोजले, तर तो राहणार. माझं म्हणणं आता इतकंच आहे की राहणार असेल तर नीट राहू द्या. ऑगस्टमध्ये दोन सामने हरला म्हणून पुन्हा नवीन नावांची यादी फिरायला नको.

पण मीही आता माझी अट सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हा आंधळा भक्त आहे. पुढच्या सीझनला आपण युरोपमध्ये कुठेच नाही. १९९० नंतर फक्त दुसऱ्यांदा असं होतंय. क्लबसाठी नामुष्की आहे, पैशाचं नुकसान आहे, पण अमोरिमसाठी तेच सोनं आहे, कारण दोन लीग सामन्यांच्या मध्ये बहुतेक वेळा पूर्ण आठवडा मिळेल. मी वर्षभर ज्या वेळेबद्दल भांडलो तो वेळ त्याच्या हातात येतोय. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये त्याला वर्ष होईल तेव्हा मी टेबल बघेनच, पण आधी मधल्या दोघांमधलं अंतर बघेन. सेंटरबॅक न कचरता पुढे येतोय का, आणि आला तर त्याची जागा कोण भरतंय. हे तेव्हाही आजच्यासारखंच असेल तर मी डावा_बॅकच्या बाजूने लिहीन, नंबर आठवा असला तरी. आणि हे सुधारलं असेल तर अकराव्या नंबरवरही मी त्याच्यासाठी भांडेन.

डावा_बॅक, तुम्ही विचारलेल्या ब्रुनोच्या प्रश्नावर अडलोय. कुन्हा आणि अमाद वर दहा नंबरला गेले, तर ब्रुनोला जागा उरते ती खालीच, दोघांतला एक म्हणून. म्हणजे ज्या जागेमुळे आपण बुडालो तिथेच तो परत येणार. त्याला बाहेर बसवायची हिंमत कोणाची होणार?

डावा_बॅक | ७ जून २०२५

बाहेर कशाला बसवायचा? अमादला विंगबॅकला ठेवा, तिथे तो या वर्षी खेळलाच आहे. ब्रुनो आणि कुन्हा वर. आणि स्ट्रायकरआधी एक पळणारा मिडफिल्डर घ्या, बॉल हिसकावणारा, २५च्या आतला. या उन्हाळ्यात तो घेतला नाही तर अमोरिम नोव्हेंबरमध्ये कुठे असेल ते मी आत्ताच सांगतो, आणि त्या वेळी दोष एकट्या त्याला देणार नाही.